उद्याच्या गावातला माग

खैरवाडीच्या जळबाला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत. बाजारात सोयरा समोर आला, तरी तो आधी खाली बघायचा, पाय ओळखायचा आणि मग मान वर करून जयभीम घालायचा. सोयऱ्यानं पायात जोडा घातलेला असला की मात्र पंचाईत. एकदा डोंगरकड्याच्या बाजारात त्यानं सख्ख्या साडूला ओळखलं नाही, आणि साडू जो रुसला तो दोन वर्षं घरी फिरकला नाही. बायको भागूबाई म्हणायची, "मला बी तुमी टाचा बघूनच पसंत केलं." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

माग काढणं हे त्याच्या घराण्याचं काम. निजामाच्या राज्यात कुणाचा बैल चोरीला गेला, कुणाचं खळं लुटलं गेलं, की जळबाच्या बापाला बोलावणं यायचं. बाप चोरट्याचं एक स्वच्छ उमटलेलं पाऊल हुडकायचा आणि आधी त्यावर टोपलं पालथं घालायचा. म्हणजे वारा, कोंबड्या आणि गावातले दीडशहाणे यांच्यापासून ते वाचायचं. मग त्या पावलाच्या मागं वाकून चालत निघायचा आणि बापाच्या मागं सगळं गाव. रीत अशी होती, की माग ज्या गावाच्या शिवेत शिरेल त्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा. नाही दाखवता आला, तर चोर त्या गावाचा. माग पाण्यात मोडला, तर मात्र कुणाचाच दोष नाही. सगळ्यांनी हात झटकून घरी जायचं. कायद्याच्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण कयाधू नदीच्या काठची जुनी माणसं ही रीत पाळत आली होती.

बापाच्या मागं चालून चालून जळबा हे सगळं शिकला. आणि त्याचा हात बसतो न बसतो तोच गावातल्या चोऱ्या बंद झाल्या. एखाद्याचं नशीबच असं असतं.

चोऱ्या बंद केल्या माणिकरावांनी. माणिकराव गावचे मोठे जमीनदार, नांदेडला शिकून आलेले, अंगावर खादी, बोलणं मऊ. एकोणसत्तर साली त्यांनी पारावर गाव गोळा केलं आणि सांगितलं, की आजच्या गावाला आग लागू द्या, आपण उद्याचं गाव करू. लोक हसले. पण हा माणूस हसण्यावारी नेण्यातला नव्हता. पहिल्या वर्षी दारूची भट्टी फुटली. दुसऱ्या वर्षी घराघरातली कुलपं गोळा झाली आणि लोहारानं ती वितळवून पारावर टांगायला घंटा केली. भांडण झालं तर सोमवारच्या सभेत मिटवायचं, ठाण्याची पायरी चढायची नाही, असा ठराव झाला. रोज दिवस उगवायच्या आत बायकांनी आपापल्या दारापुढचा रस्ता झाडायचा, हाही ठराव. वेशीवर पाटी लागली, 'उद्याचं गाव'. बहात्तरच्या दुष्काळात आसपासची गावं खडी फोडायला गेली, पण खैरवाडीच्या धान्यकोठीनं कुणाच्या घरची चूल विझू दिली नाही. हे सगळं खरं आहे. पुढं जे सांगायचं आहे त्यासाठी हे खोटं ठरवायची गरज नाही.

आणि विहीर. खैरवाडीत पूर्वी दोन विहिरी होत्या, गावाची एक आणि बौद्धवाड्याची एक. दुसरीचं पाणी मचूळ. सत्तर साली माणिकरावांनी भागूबाईची घागर आपल्या हातानं गावाच्या विहिरीत सोडली, ओढून काढली आणि तिच्या डोक्यावर दिली. भागूबाई घरी आली, घागर खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसून रडली. त्या दिवसापासून माणिकरावांबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की जळबाचं डोकं फिरायचं.

माग काढायचं काम उरलं नाही, पण डोळ्यांची सवय जात नाही. जळबा रोज बायका झाडायला उठायच्या आत गावातून एक चक्कर मारायचा. आदल्या दिवशी झाडलेली मऊ माती त्याला पाटीवरच्या अक्षरांसारखी वाचता यायची. कोण कुणाच्या परसात गेलं, कोणती सून रुसून माहेरच्या वाटेनं वेशीपर्यंत जाऊन परत आली, सगळं. तोंडातून मात्र अवाक्षर काढायचा नाही. अलीकडं धान्यकोठीकडून येणारी एका माणसाची पावलं रस्ताभर नांगरल्यागत वेडीवाकडी पडायला लागली होती. उजव्या पायाचा भार बाहेरच्या कडेवर आणि अंगठा जरा उचललेला. ती पावलं संतरामची, माणिकरावांच्या धाकट्या भावाची. दारूबंदी कमिटीचा चिटणीसही तोच. जळबा वाचायचा आणि गप्प राहायचा.

शहात्तर सालच्या पौषात मुंबईहून सरकारी कमिटी येणार असल्याचं कळलं. राज्यातलं पहिल्या नंबरचं गाव निवडायचं होतं. गावानं भिंती रंगवल्या. वरच्या अंगाला नवा बंधारा झालेला होता, त्याला फळ्या टाकल्या; पाहुण्यांना पाणी भरलेलं दिसावं म्हणून.

कमिटीला चार दिवस उरले असताना, पहाटे चक्कर मारताना, जळबाला कोठीचं दार सताड उघडं दिसलं. आत कोठीचा राखणदार सोनाजी पडला होता. दगडी उंबऱ्यावर डोकं आपटलेलं, अंग गार. शेजारी फुटकी बाटली आणि दारूचा वास. सोनाजी म्हातारा, माळकरी आणि तोंडाचा फटकळ. दोनच दिवसांपूर्वी त्यानं पारावर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "साहेब लोकाला कोठी दावीन, तवा कोठीत कोण काय पितंय ते बी दावीन." लोकांनी ते हसून सोडून दिलं होतं. संतरामनं सोडलं नव्हतं.

दाराबाहेर पाऊल उमटलं होतं. उजवं, भार बाहेरच्या कडेवर, अंगठा उचललेला. पुढची पावलं लांब लांब पडलेली, पळत गेल्यासारखी, आणि ती थेट माणिकरावांच्या मागच्या दाराकडं जात होती. जळबाच्या हातानं विचार न करता कोठीतलं टोपलं उचललं आणि त्या पावलावर पालथं घातलं. मग तो माणिकरावांना बोलवायला गेला.

माणिकराव आले. आधी सोनाजीजवळ बसले आणि त्याचे डोळे मिटले. मग बाहेर येऊन टोपलं उचललं. त्यांना पावलातलं काही कळत नव्हतं, पण पावलं कुठं जातात ते आंधळ्यालाही कळलं असतं.

"कोणाचा हाय, जळबा?"

"दादा, तुमी नका इचारू."

माणिकराव तिथंच ओट्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सोंग नव्हतं. "जीव घ्यावा म्हणून घेतला नसंल त्यानं. धक्का दिला असंल," ते म्हणाले.  मग जळबाकडं वळून म्हणाले, "चार दिवसांनी लोक येऊन राहिले. हे फुटलं तर काय व्हईल, मालूम हाय का तुला? म्हणतील, माणिकरावाचं सारं ढोंग व्हतं. भट्टी परत येईल. कुलपं परत येतील. आन इहीर?"

 एवढं पुरेसं होतं.

जळबाच्या डोळ्यांसमोर भागूबाईची घागर आली. त्यानं हिशेब केला तो असा: सोनाजी गेला, तो काही परत येत नाही. माग उचलायचा, पूर्वेला ओढ्याकडं न्यायचा आणि वाहत्या पाण्यात मोडायचा. चोर अनोळखी, गाव मोकळं, कुणाच्या केसाला धक्का नाही. बापाच्या रीतीत पळवाट होती आणि ती त्याला पाठ होती. तो खाली बसला आणि तळहातानं ते पाऊल पुसलं. जन्मात पहिल्यांदाच त्यानं पाऊल पुसलं होतं. पुसल्यावर हात धोतराला घासला, तरी माती हाताला असल्यागत त्याला वाटत राहिलं.

घंटा वाजली, गाव जमलं. जळबा कमरेत वाकून पुढं आणि शे-दीडशे माणसं मागं. त्यांत संतरामही होता, डोक्याला रुमाल बांधून. तुरीच्या शेताच्या बांधानं, बाभळीखालून, गुरांच्या वाटेनं जळबा नसलेला माग दाखवत चालला. कुठं ढेकूळ फुटलेलं दिसलं की बोट करायचा. लोक "बराबर, बराबर" म्हणत मागं यायचे. त्याला त्यांची कीव आली आणि स्वतःची लाजही वाटली. पण ओढा जवळ आला होता. एकदा पाणी लागलं की सुटलो, असं तो मनाशी म्हणत होता.

ओढ्याला पाणी नव्हतं.

वरच्या बंधाऱ्याला फळ्या टाकून ओढ्याचं पाणी अडवल्याला चार दिवस झाले होते. त्यानंतर जळबा ह्या अंगाला आलाच नव्हता. ओढ्याच्या तळाशी नुसती ओलसर वाळू होती, आणि तिच्यावरून सरळ पलीकडच्या तांड्याकडं गेलेली ताजी, अनवाणी पावलं लोकांना जळबाच्या आधी दिसली. ओढा ही गावाची शीव. पलीकडं गायरानावर बंजाऱ्यांची पंधरा घरं.

"हाच ना, जळबा?" कुणीतरी विचारलं. तो आवाज संतरामचा होता.

जळबा वाकला. पाऊल तरण्या माणसाचं, सपाट, डोक्यावर ओझं असल्यानं चवड्यात रुतलेलं. कोठीतल्या पावलाशी त्याचं सात पिढ्यांचंही नातं नव्हतं. नाही म्हणावं, तर लोक विचारणार, मग तू आणलेला माग गेला कुठं? आणि ते मागं वळून पुन्हा कोठीच्या दाराशी जाणार. एवढा सगळा विचार करायला त्याला एक श्वास पुरला.

"व्हय," तो म्हणाला. "असाच दिसतो."

तांड्याचा नायक गुलाबसिंग म्हातारा होता, त्याला रीत माहीत होती. माग शिवेत आलाय, पुढं काढून दाखवा, असं गावानं सांगितल्यावर तो मुकाट्यानं पावलांमागं चालत गेला. पावलं नेमसिंगच्या झोपडीपाशी थांबली. पहाटे सरपणाची मोळी आणून नेमसिंग भाकरी खात बसला होता. "मी सरपणाला गेलतो," एवढंच तो म्हणाला. गुलाबसिंगनं मान खाली घातली. दुपारी पोलीस येऊन नेमसिंगला घेऊन गेले आणि पंचनाम्यावर जळबाचा अंगठा घेतला गेला.

चार दिवसांनी कमिटी आली. खून बाहेरच्यानं केला, आणि गावानं स्वतः अर्ध्या दिवसात तो शोधून दिला, हे ऐकून साहेब लोक खूश झाले. पहिला नंबर खैरवाडीचा आला. जळबाला बक्षीस म्हणून पितळी गुंड्यांचा कोट मिळाला. तो त्यानं खुंटीला टांगला आणि पहाटेची चक्कर बंद केली. भागूबाईनं विचारलं, "काहून आताशा जात न्हाई तुमी?" तो म्हणाला, गुडघे दुखतात.

फाल्गुनात नेमसिंगची बायको मिराबाई दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. पदरानं घाम पुसून म्हणाली, "बाबा, तुमी पाय वळकता म्हणं. एक पाय बघायचा हाय."

जळबाला जावं लागलं. तिच्या झोपडीत जमीन स्वच्छ सारवलेली होती, पण दारापाशी हातभर तुकडा जुन्या सारवणाचा तसाच ठेवलेला. त्यात एक पाऊल वाळून घट्ट बसलं होतं. "त्याला नेलं त्याच्या आदल्या दिशी मी घर सारवलं," मिराबाई म्हणाली. "ह्यो वल्यावर पाय देऊन गेला. मी लई बोलले त्याला. आता तेवढं सोडून सारवते. तुमी बघा. कोठीपाशी हाच व्हता का?"

खोटं बोलायला जळबापुढं गर्दी नव्हती, माणिकराव नव्हते, विहीर नव्हती. फक्त पाऊल होतं.

"न्हाई," तो म्हणाला.

"मला ठावं हाय. मला सांगून काय उपेग? तिथं सांगा."

सोमवारच्या सभेत जळबा उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं: टोपलं, पुसलेलं पाऊल, कोरडा ओढा. पाऊल कुणाचं होतं तेही सांगितलं. त्याला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल, संतराम अंगावर धावून येईल, निदान कुणीतरी त्याला खोटारडा म्हणेल. पण माणसं आपापल्या पुढ्यातल्या जमिनीकडं बघत बसली होती. संतराम नखं कुरतडत होता.

मग सोनाजीची विधवा चतुराबाई बोलली. कोठीशेजारी तिचं घर, आणि गावानं तिला जन्मभर पोसायचा ठराव केलेला. "जळबादादा, तुमी माग घेऊन पुढं गेले, तवा माणिकदादाच्या मागच्या दारापतूरची पावलं कोणी झाडली? मीच झाडली," ती म्हणाली. "माझा माणूस गेला. आता गाव बी जाऊ देऊ का?"

जळबानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. आयुष्यभर जी तोंडं त्याच्या लक्षात राहिली नव्हती, ती त्या दिवशी कायमची राहिली. सगळ्यांना माहीत होतं. शंभर उंबऱ्यांच्या गावात फक्त त्यालाच वाटत होतं, की गुपित त्याच्या एकट्याच्या पोटात आहे. माणिकराव हळूच म्हणाले, "बस, जळबा. दमला असशील. पाणी पी." आणि सभेनं पुढचा विषय घेतला. गायरानावर झाडं लावायची होती.

सत्त्याहत्तर साली खटला उभा राहिला. जळबा पितळी गुंड्यांचा कोट न घालता कोर्टात गेला. पिंजऱ्यात नेमसिंग अनवाणी उभा होता, वाळून अर्धा झालेला. त्याच्या पायांकडं बघत जळबानं जबानी दिली, की हा तो नव्हे. सरकारी वकिलानं विचारलं, "तवा खोटं बोललास की आत्ता?"

"तवा."

"आत्ता खरं कशावरून?"

जळबा म्हणाला, पाऊल दाखवतो, तांड्यावर चला. तेव्हा वकिलानं सांगितलं, की त्या जागी आता तांडा नाही, झाडं आहेत. खड्डे खणताना तांडा उठवला होता आणि मिराबाईच्या झोपडीतली ती पावलाची जमीनही त्यात गेली होती. उलटसुलट बोलणाऱ्या साक्षीदाराला कोर्टानं समज देऊन सोडलं. बाकी गावची बारा माणसं एकच बोलली, आणि नेमसिंगला जन्मठेप झाली. मिराबाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. जळबा जवळ गेला, तर तिनं हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं.

घरी येताना त्याची खात्री होती, की आता विहीर बंद होणार. दुसऱ्या दिवशी भागूबाई घागर घेऊन गेली आणि लगेच भरून आली. बायकांनी तिला सगळ्यांच्या आधी पाणी भरू दिलं होतं. "जा की माय, तुला घाई असंल," म्हणाल्या. हे सांगून भागूबाईनं दार आतून लावून घेतलं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी वाळीत टाकलं नाही. एखादा तरी शिव्या देईल, म्हणून जळबा मुद्दाम पारावर जाऊन बसायचा. लोक सरकून त्याला जागा द्यायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर सभेत एक ठराव आला. अनवाणी चालल्यानं पोटात जंत होतात, तेव्हा उद्याच्या गावात कुणी अनवाणी चालायचं नाही. वसमतहून ट्रक भरून प्लास्टिकच्या चपला आल्या, एकाच साच्यातल्या, तळाला सारखीच नक्षी. म्हाताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळ्यांना वाटल्या. झिजल्या की माणसं ओळखू येतील, असं जळबाच्या मनात आलं. पण चपला दरवर्षी बदलून मिळायच्या होत्या. संतरामनं स्वतः घरी येऊन त्याचा जोड उंबऱ्यावर ठेवला.

जळबानं त्या पायात घातल्या नाहीत. भागूबाई काट्याकुट्यांना भिऊन घालू लागली, तो नाही. किती दिवसांनी तो पुन्हा पहाटे चक्कर मारायला बाहेर पडला. रस्ताभर एकच नक्षी होती, पारापासून विहिरीपर्यंत, कोठीपासून माणिकरावांच्या दारापर्यंत, आणि तिच्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. तो वेशीवर गेला, नव्या झाडांकडं थोडा वेळ बघत उभा राहिला आणि परत आला.

दारात आला तेव्हा शेजारची चार वर्षांची पोर अंगणात खेळत होती. ती त्याच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत म्हणाली, "आबा, तुमी येशीवर गेल्ते. आन तिकडूनच माघारी आले." जळबानं मागं वळून पाहिलं. गावभरच्या नक्षीतून अनवाणी पावलांची एकच ओळ गेली होती आणि तीच परत त्याच्या दाराशी आली होती. ती ओळखायला आता कुणाला माग काढणाऱ्याच्या घरात जन्मावं लागत नव्हतं.